दूरस्थ अध्यापन आणि चालू घडामोडींची साधने : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयाची व्याप्ती

'चालू घडामोडी' हा शब्दप्रयोग महाराष्ट्रातील विद्यार्थिवर्गास प्रामुख्याने स्पर्धा-परीक्षांमुळे परिचित झालेला आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारा विद्यार्थी ज्या मासिक पुस्तिका वाचतो, त्यांत नेमणुका, पुरस्कार, परिषदा, करार आणि निधनवार्ता यांची जंत्री असते. ती पाठ करावयाची आणि परीक्षा संपताच विसरावयाची, असा परिपाठ आहे. प्रस्तुत लेखात हा अर्थ अभिप्रेत नाही. घटना घडत असताना अथवा घडल्यानंतर लवकरच निर्माण झालेली आणि सर्वांस उपलब्ध असलेली सामग्री, एवढ्या व्यापक अर्थाने येथे चालू घडामोडींच्या साधनांचा विचार केला आहे. वृत्तपत्रातील बातमी, अग्रलेख व बाजारभावाचे सदर, आकाशवाणीचे प्रादेशिक बातमीपत्र, हवामान खात्याचे दैनंदिन निवेदन, शासननिर्णय, राजपत्रातील अधिसूचना, न्यायालयाचा निकाल, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेली सूचना, ही सर्व साधने ह्या अर्थाच्या कक्षेत येतात.

'दूरस्थ अध्यापन' ह्या संज्ञेचाही थोडा खुलासा आवश्यक आहे. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. तेव्हापासून दूरशिक्षण ही महाराष्ट्रास नवी गोष्ट राहिलेली नाही. परंतु मुक्त विद्यापीठाचे शिक्षण आधीपासून योजलेले असते. त्याची पुस्तके दूरच्या विद्यार्थ्यासाठीच लिहिली जातात आणि अभ्यासकेंद्रे आधीच उभारलेली असतात. मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये एकाएकी बंद झाल्यानंतर जे घडले ते ह्याहून भिन्न होते. त्याच महिन्यात चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लेखात ह्या प्रकारास 'आणीबाणीचे दूरस्थ अध्यापन' असे नाव दिले व नियोजित ऑनलाइन शिक्षणापासून त्याचा भेद स्पष्ट केला. हा भेद मान्य करूनही एक प्रश्न दोन्ही प्रकारांत समान राहतो. अध्यापक व विद्यार्थी एका खोलीत नसताना, दोघांच्याही समोर एकाच वेळी असेल अशी अध्ययनाची वस्तू कोणती? चालू घटना ही अशी वस्तू होऊ शकते काय, आणि होऊ शकत असल्यास कोणत्या अटींवर, ह्याचा विचार पुढे केला आहे.

२. धाराशिव जिल्ह्याची परिस्थिती

धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या पठारावर वसलेला आहे. मांजरा व तेरणा ह्या नद्यांचे पाणी गोदावरीस मिळते, तर पश्चिमेकडील सीना भीमेस मिळते. जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परांडा असे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,५७,५७६ असून तिचा पाचांतील चारांहून अधिक हिस्सा ग्रामीण आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये 'आकांक्षित जिल्हे' म्हणून जी निवड केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांमध्ये ह्याचा समावेश होता. शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे, आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. अशा जिल्ह्यात अध्यापक आणि विद्यार्थी यांतील अंतर हा केवळ महामारीचा प्रश्न नव्हता. तो आधीही होता आणि आजही आहे.

२०२० साली हे अंतर ओलांडण्यासाठी राज्यात अनेक मार्ग अवलंबिले गेले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला मोबाइलवरून पोहोचविली. केंद्र शासनाच्या 'दीक्षा' ह्या मंचावरील पाठांचा वापर वाढला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. इंटरनेट नसलेल्या, परंतु दूरदर्शन संच असलेल्या घरांस तिचा उपयोग झाला. तथापि साधन उपलब्ध होणे आणि अध्ययन घडणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'असर' संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये देशाच्या ग्रामीण भागात दूरध्वनीवरून सर्वेक्षण केले. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले होते. परंतु सर्वेक्षणाच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अध्ययनसामग्री मिळालेल्या मुलांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशच होते. ज्यांना ती मिळाली त्यांनाही बहुधा एकाच दिशेने मिळाली. पाठ आला, परंतु विद्यार्थ्याकडून परत काय जावे हे ठरलेले नव्हते.

३. चालू घटनेचे अध्यापनातील स्थान

वर्गात अध्यापक बातमी घेऊन येतो, आणि विद्यार्थी ती त्याच्याकडून ऐकतो. दूरस्थ अध्यापनात ही स्थिती पालटते. विद्यार्थी आपल्या गावी, घरी अथवा शेतावर असतो, आणि पुष्कळदा बातमी जेथे घडते तेथेच असतो. अध्यापकास जी गोष्ट वृत्तपत्रातून कळते, ती विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. म्हणजे ज्ञानाचा एक अंश अध्यापकाकडे व दुसरा विद्यार्थ्याकडे असतो, आणि दोन्ही अंश एकत्र आल्यावाचून पाठ पूर्ण होत नाही. पाठ्यपुस्तकातील धडा दूर अंतरावरून शिकविताना विद्यार्थ्यास केवळ ग्राहकाची भूमिका उरते. स्थानिक घटनेवरील पाठात त्याला साक्षीदाराची भूमिका मिळते. चालू घडामोडींच्या साधनांचे दूरस्थ अध्यापनातील खरे मूल्य त्यांच्या ताजेपणात नसून ह्या भूमिकाबदलात आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

दूरस्थ अध्यापनाची सांगड दैनंदिन वृत्तसाधनांशी घालण्याचा एक जुना प्रयोग येथे लक्षात घेण्यासारखा आहे. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओच्या साथीमुळे शाळा उघडता आल्या नाहीत. तेव्हा तिसरी ते आठवीच्या सुमारे ३,१५,००० मुलांसाठी स्थानिक नभोवाणी केंद्रांवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ प्रक्षेपित करण्यात आले. त्या पाठांचे वेळापत्रक, प्रश्न व गृहपाठ शहरातील वृत्तपत्रे छापीत असत. पालकांच्या शंकांसाठी शिक्षक दूरध्वनीवर बसत. आवाज नभोवाणीचा, मजकूर वृत्तपत्राचा आणि संवाद दूरध्वनीचा, अशी ही त्रिविध रचना होती. कोणतेही एक साधन पुरेसे नाही, हे तिच्या योजकांनी जाणले होते. मात्र तेथे वृत्तपत्र हे पाठाचे वाहन होते, पाठाचा विषय नव्हते. त्याला विषय केल्याने काय साधते, हे पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल.

४. एक उदाहरण : ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी

१३ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचा पट्टा आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून पश्चिमेकडे सरकू लागला. हैदराबाद शहरात त्याने मोठा पूर आणला. पुढे उत्तर कर्नाटक व दक्षिण महाराष्ट्र ओलांडून तो अरबी समुद्राकडे गेला. १४ व १५ ऑक्टोबरला सोलापूर, धाराशिव व लातूर ह्या भागांत मुसळधार पाऊस झाला. सोयाबीन काढणीस आलेले होते, आणि काही ठिकाणी ते कापून शेतातच ढीग लावून ठेवलेले होते. त्या आठवड्यात जिल्ह्यातील सर्व शाळा बंद होत्या. म्हणजे विद्यार्थी घरी होते, आणि बरेचसे आपापल्या कुटुंबाबरोबर शेतात होते.

ह्या एका घटनेवर विविध विषयांचे पाठ कसे उभे राहू शकतात, हे क्रमाने पाहता येईल.

भूगोलाच्या अध्यापकास उपसागरापासून समुद्रापर्यंतचा ह्या पट्ट्याचा प्रवास नकाशावर दाखविता येतो. विद्यार्थ्याने आपल्या गावी पाऊस केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला आणि ओढ्याचे पाणी कोठवर चढले, ह्याची नोंद करावयाची. तीस गावांतून आलेल्या तीस नोंदी नकाशावर मांडल्या की पावसाची पूर्वेकडून पश्चिमेकडे झालेली वाटचाल जिल्ह्याच्या पातळीवर दिसते किंवा दिसत नाही, ह्याचा निर्णय वर्गानेच करावयाचा. प्रशासनाच्या व्यवहारात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस झाल्यास 'अतिवृष्टी' मानतात. आपले गाव कोणत्या मंडळात येते, त्या मंडळाचे पर्जन्यमापक कोठे आहे आणि तेथील आकडा आपल्या शिवारास कितपत लागू पडतो, हे प्रश्न विद्यार्थ्यास स्वाभाविकपणे पडतात. आकड्याची व्याप्ती व मर्यादा ह्यांचे शिक्षण पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा ह्या मार्गाने अधिक पक्के होते.

गणिताच्या पाठास शासकीय साहाय्याचे निकष उपयोगी पडतात. राष्ट्रीय आपत्ती साहाय्यनिधीच्या तत्कालीन निकषांप्रमाणे ३३ टक्के वा अधिक नुकसान झालेल्या जिरायत क्षेत्रास हेक्टरी ६,८०० रुपये देय होते. राज्य शासनाने २३ ऑक्टोबर २०२० रोजी १०,००० कोटी रुपयांचे साहाय्य घोषित केले, आणि जिरायत व बागायत पिकांसाठी हेक्टरी १०,००० रुपये असा दर दोन हेक्टरांच्या मर्यादेत ठरविला. दीड हेक्टर जिरायत जमीन असलेल्या कुटुंबास पहिल्या निकषाने १०,२०० व दुसऱ्याने १५,००० रुपये मिळतात. चार हेक्टरांच्या कुटुंबास मर्यादेमुळे २०,००० रुपयेच मिळतात. हे हिशेब सोपे आहेत. परंतु त्यांतून 'घोषित रक्कम', 'दर', 'मर्यादा' आणि 'प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम' ह्या चार गोष्टी निरनिराळ्या आहेत हे विद्यार्थी शिकतो. त्या वर्षी सोयाबीनचा किमान आधारभाव क्विंटलला ३,८८० रुपये होता. गेलेल्या पिकाची किंमत ह्या भावाने काढून मिळालेल्या साहाय्याशी तिची तुलना करणे, हा पुढचा टप्पा होय.

नागरिकशास्त्राचा पाठ पंचनाम्यापासून सुरू होतो. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक हे तिघे कोणाच्या अधीन असतात, पंचनाम्याचा कागद कोणत्या क्रमाने वर जातो, हे पुस्तकात वाचून ध्यानात राहत नाही. गावात पंचनामा झाला तेव्हा काय विचारले गेले आणि काय लिहून घेतले गेले, हे विद्यार्थ्याने घरातील माणसांकडून समजून घ्यावयाचे असते. ह्याच हंगामातील पीकविम्याचे प्रकरण तर उच्च वर्गांसाठी विशेष उद्बोधक आहे. नुकसानीची सूचना घटनेपासून ७२ तासांत देण्याची अट विमा योजनेत होती. पुराने रस्ते व वीज बंद असता ती पाळणे बहुसंख्य शेतकऱ्यांस शक्य झाले नाही, आणि त्या कारणास्तव भरपाई नाकारली गेली. वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला व २०२२ मध्ये न्यायालयाने शेतकऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. २०२० ची बातमी, योजनेचे नियम आणि २०२२ चा निकाल हे तिन्ही कागद एकापुढे एक ठेवल्यास बातमी तेथेच संपत नाही, हे विद्यार्थ्यास दिसते. ज्या घरांत त्या काळी सूचना पाठविण्यासाठी मोबाइलची जुळवाजुळव चालली होती, त्याच घरांत त्याच मोबाइलवर मुलांचे पाठही येत होते. साधनाची टंचाई शेतीस आणि शिक्षणास एकाच वेळी कशी भोवते, ह्याचे हे मूर्त उदाहरण आहे.

भाषेच्या पाठात एकाच दिवसाच्या दोन वृत्तपत्रांतील मथळे व विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले वर्णन ही तीन लेखने शेजारी ठेवता येतात. 'हाहाकार', 'थैमान', 'कंबरडे मोडले' हे शब्द बातमीत वारंवार येतात. ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ह्याची चर्चा ही शैलीविचाराची पहिली पायरी होय.

५. बातमी, अफवा आणि पडताळा

दूरस्थ अध्यापनाची एक विशेष अडचण अशी की पाठ आणि अफवा दोन्ही एकाच दाराने घरात येतात. शिक्षकाने पाठविलेला गृहपाठ आणि कोणी अज्ञाताने पुढे ढकललेला मजकूर एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत दिसतो. पाठ्यपुस्तकास जो बाह्य आकार असतो, त्यावरून त्याची विश्वसनीयता ओळखण्याची सवय विद्यार्थ्यास लागलेली असते. ती सवय येथे निरुपयोगी ठरते.

ह्याचे परिणाम किती भयंकर होऊ शकतात हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरील अफवेमुळे जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातील भिक्षेकरी होते, आणि धाराशिवला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आले होते. त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यास प्रतिबंध केला, आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या मजकुरावर आणखी कडक मर्यादा घातली. परंतु तांत्रिक प्रतिबंध अफवेचा वेग कमी करतो, वाचकाची विवेकशक्ती वाढवीत नाही. ते काम शिक्षणाचे आहे.

म्हणून चालू घटनेवरील प्रत्येक पाठात पडताळ्याची पायरी अनिवार्य मानली पाहिजे. त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. हे विधान प्रथम कोणी केले? त्याने ते पाहिले, ऐकले की अनुमानाने काढले? त्याच गोष्टीविषयी दुसऱ्या, पहिल्यावर न विसंबणाऱ्या साधनात काय म्हटले आहे? आणि विधान खोटे ठरल्यास त्याची जबाबदारी कोणावर येते? शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. वृत्तपत्रावर संपादक, मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापलेली असतात. शासननिर्णयास क्रमांक व दिनांक असतो. निकालावर न्यायाधीशांचे नाव असते. फिरत्या मजकुरास ह्यांपैकी काहीच नसते. हा फरक सातवीच्या विद्यार्थ्यासही समजू शकतो.

पडताळ्याचे हेच नियम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या साक्षीसही लागू केले पाहिजेत. 'आमच्या गावात सगळे पीक गेले' हे वाक्य त्याने लिहिले, तर त्यातील 'सगळे' ह्या शब्दाचा आधार त्याला विचारावा. स्वतः पाहिलेले शेत किती, ऐकलेले किती, हे त्याने वेगळे लिहावे. साक्षीदाराच्या भूमिकेस ही शिस्त नसेल, तर तो अफवेचा आणखी एक वाहक होण्याचा धोका राहतो.

६. मतभेदाचे विषय : नामांतराचे उदाहरण

चालू घटना ही पुष्कळदा वादाचा विषय असते. अध्यापक अशा घटना टाळू इच्छितो, आणि दूरस्थ अध्यापनात तर अधिकच टाळतो. कारण त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित होऊन संदर्भ सोडून फिरू शकते. ह्या भीतीस आधार आहे, परंतु तिच्यावर उपायही आहे. वादाच्या विषयात मतापेक्षा कालक्रमास व कागदपत्रांस अग्रस्थान द्यावे, हा तो उपाय.

जिल्ह्याच्या नामांतराचेच उदाहरण घेता येईल. उस्मानाबादचे नाव धाराशिव करण्याचा ठराव राज्याच्या मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी केला. सत्तांतरानंतर नव्या मंत्रिमंडळाने १६ जुलै २०२२ रोजी तो पुन्हा संमत केला. केंद्र शासनाची अनुमती २४ फेब्रुवारी २०२३ रोजी कळविण्यात आली. जिल्हा, उपविभाग, तालुका व गाव ह्या महसुली घटकांविषयीची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. नामांतरास आव्हान देणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी फेटाळल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ह्या प्रत्येक दिवशी वृत्तपत्रांनी 'नामांतर झाले' ह्या अर्थाचे मथळे दिले असतील, तर त्यांतील कोणता मथळा काटेकोर होता, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. ठराव, अनुमती, अधिसूचना आणि न्यायनिर्णय ह्या चार क्रियांचे कार्य भिन्न आहे. विद्यार्थ्याचे मत नामांतराच्या बाजूचे असो वा विरुद्ध असो, हा भेद त्याला सारखाच शिकावा लागतो. अध्यापकासही आपले मत प्रकट न करता पाठ पूर्ण करता येतो. त्यानंतर ज्यांना आपले मत मांडावयाचे असेल त्यांनी ते लेखी, कारणांसह मांडावे. दूरस्थ पद्धतीत लेखी उत्तरास जो वेळ मिळतो, तो अशा विषयात हितकारकच ठरतो.

७. साधनांची निवड व व्यवहार

ज्या घरी इंटरनेट क्षीण आहे तेथे चित्रफीत पाठविणे व्यर्थ होय. एक कात्रण, एक आकडेवारी आणि तीन प्रश्न, एवढे एका पानावर मावणारे टिपण हे दूरस्थ पाठाचे योग्य परिमाण आहे. ते छायाचित्र म्हणून पाठविता येते, छापून गावात ठेवता येते, अथवा दूरध्वनीवरून वाचून दाखविता येते. उत्तरासाठी दोन-तीन दिवसांची मुदत असावी, म्हणजे घरातील एकमेव मोबाइल दिवसभर दुसऱ्याकडे असला तरी विद्यार्थी वंचित राहत नाही. ज्याच्याकडे कोणतेच साधन नाही, त्याच्यासाठी ग्रामपंचायतीचा फलक, रेडिओ आणि घरातील वडीलधारी माणसे ही साधने उरतात, आणि ती कनिष्ठ समजण्याचे कारण नाही.

वडीलधाऱ्यांचा उल्लेख येथे सहेतुक केला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर जिल्ह्यातील किल्लारी व धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली, आणि दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. लोहारा व उमरगा तालुक्यांतील अनेक घरांत त्या पहाटेचे साक्षीदार आजही आहेत. त्या वेळची चालू घडामोड आता इतिहास झाली आहे. आजच्या पुराच्या बातमीबरोबर त्या दिवसांचे वृत्तपत्र आणि आजीची आठवण ठेवली, तर आपत्ती, साहाय्य व पुनर्वसन ह्यांविषयी दोन पिढ्यांची तुलना होऊ शकते. घरी असलेल्या विद्यार्थ्यास ही संधी वर्गातील विद्यार्थ्यापेक्षा अधिक सुलभ आहे.

वृत्तपत्रीय मजकुराच्या वापरास कायद्याची बाजूही आहे. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमात अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या पुनर्मुद्रणास सवलत दिली आहे. आवश्यक ते कात्रण वर्गापुरते देणे आणि संपूर्ण अंक सर्वत्र फिरविणे ह्यांतील फरक अध्यापकाने पाळावा, आणि कात्रणावर वृत्तपत्राचे नाव व दिनांक न चुकता लिहावा. स्रोत नमूद करण्याचा हा संस्कार पडताळ्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. साधनांचा पुरवठाही गृहीत धरता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये वृत्तपत्रांच्या घरपोच वितरणावरच राज्यात काही काळ निर्बंध आले होते. म्हणून प्रत्येक पाठास एक पर्यायी साधन योजून ठेवणे श्रेयस्कर.

८. मर्यादा

ह्या पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा विद्यार्थ्याच्या मनःस्थितीची. ज्याचे पीक वाहून गेले अथवा घरातील माणूस दगावले, त्याच्यापुढे ती घटना अभ्यासाचा विषय म्हणून तत्काळ ठेवणे निर्दयपणाचे होईल. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम व परांडा तालुक्यांत पुराने पुन्हा हानी केली. अशा वेळी पाठ किती दिवस पुढे ढकलावा, कोणास त्यातून मुक्त ठेवावे, आणि शेजारच्या तालुक्यातील घटना घ्यावी काय, हा विवेक अध्यापकाने करावयाचा आहे. साक्ष देणे हा विद्यार्थ्याचा अधिकार आहे, ते त्याचे कर्तव्य नव्हे.

दुसरी मर्यादा खासगीपणाची. कर्ज, आजार, भरपाईची रक्कम ह्या घरगुती गोष्टी वर्गाच्या सामायिक गटात येऊ देऊ नयेत. वरील गणिताच्या पाठात 'दीड हेक्टरांचे कुटुंब' हे कल्पित घेतले आहे, त्याचे कारण हेच. तिसरी मर्यादा विषयांच्या क्रमाची. घटना अभ्यासक्रमाच्या क्रमाने घडत नाहीत. रोजच्या बातमीमागे धावल्यास ज्ञानाची बांधणी विस्कळित होते. महिन्यातून एखादी घटना निवडून तिच्याकडे तीन-चार विषयांतून पाहणे हे रोज नवी बातमी घेण्यापेक्षा फलदायी होय. चौथी मर्यादा अध्यापकाच्या श्रमांची. तीस विद्यार्थ्यांच्या तीस निरनिराळ्या नोंदी वाचणे हे एकाच उत्तरपत्रिकेची तपासणी करण्याहून जड काम आहे, आणि तेवढा वेळ वेळापत्रकात द्यावा लागेल.

९. उपसंहार आणि संशोधनाची दिशा

शाळा आता पूर्ववत भरत आहेत. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून आणि प्राथमिक वर्ग त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून पुन्हा सुरू झाले. त्यामुळे दूरस्थ अध्यापन हे एका आपत्तीपुरते साधन होते, असा समज दृढ होत आहे. परंतु ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांतील मुले, पुरामुळे आठवडाभर बंद पडणाऱ्या शाळा, आणि नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठात शिकणारे प्रौढ विद्यार्थी ह्यांच्यासाठी ते अद्याप प्रस्तुत आहे. ऊसतोडीच्या फडावरील मुलाकडून तेथील गाळपहंगामाची, मजुरीच्या दराची व पाण्याच्या सोयीची नोंद मागविता येते. त्यामुळे तो वर्गापासून तुटत नाही, उलट वर्गास अज्ञात असलेल्या जगाची माहिती पुरविणारा होतो.

शिक्षणशास्त्र, वृत्तपत्रविद्या व भाषा ह्या विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे प्रबंधयोग्य प्रश्न मिळू शकतात. साक्षीदाराच्या भूमिकेतून केलेले अध्ययन पुस्तकी अध्ययनापेक्षा अधिक काळ टिकते काय? पडताळ्याचे चार प्रश्न एक सत्रभर वापरल्यावर विद्यार्थ्याच्या मजकूर पुढे पाठविण्याच्या सवयीत फरक पडतो काय? एकाच घटनेविषयी मुलगे व मुली ह्यांच्या नोंदींत कोणते भेद आढळतात? २०२० व २०२१ मधील गृहपाठाच्या वह्या, शिक्षकांची टिपणे व मोबाइलवरील पाठ अनेक शाळांतून आता नष्ट होत आहेत. जी शिल्लक असतील ती संबंधितांच्या अनुमतीने, नावे वगळून, जिल्ह्याच्या पातळीवर जतन करणे हे पहिले काम होय. जिल्ह्यातील मुलांनी त्या दोन वर्षांत काय पाहिले आणि ते कोणत्या शब्दांत लिहिले, ह्याचे दुसरे साधन पुढील अभ्यासकास मिळणार नाही.